टेरी वोगन : एकाच श्रोत्याशी बोलणारा माणूस

आजचा पाठ एका आवाजाबद्दल आहे.

सुरुवात करण्याआधी तीन शब्द बघून घेऊ, कारण पुढे ते सारखे भेटणार आहेत. श्रोता म्हणजे ऐकणारा. निवेदक म्हणजे रेडिओवर किंवा टीव्हीवर कार्यक्रम सादर करणारा, दोन गाण्यांच्या मध्ये बोलणारा. आणि हेल म्हणजे बोलण्याची आपली चाल, आपली लकब. समजा, तुमचे आजोबा कोल्हापूरचे आहेत आणि आजी नागपूरची. दोघंही मराठीच बोलतात. पण डोळे मिटून ऐकलंत तरी कोण बोलतंय आणि कुठल्या गावचं, ते तुम्हाला कळेल. तोच हेल.

आता एक प्रश्न. खरं उत्तर द्यायचं, मोठ्याने नाही दिलं तरी चालेल. तुम्ही कधी तुमचा हेल लपवलाय का? शाळेत एक आवाज आणि घरी दुसरा, असं होतं का? भारतात गेल्यावर तुमचं मराठी ऐकून एखादा चुलतभाऊ हसला आणि मग तुम्ही पटकन इंग्रजीत बोलायला लागलात, असं झालंय का?

माझ्या बाबतीत ते उलट झालं. माझी सगळी शाळा मराठी माध्यमाची. २०१३ साली मी कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला आले. इंग्रजी वाचता-लिहिता चांगलं यायचं. पण पहिल्याच आठवड्यात फोनवरच्या मीटिंगमध्ये मी एक वाक्य बोलले आणि समोरून आलं, "पार्डन?" मी पुन्हा बोलले. पुन्हा "पार्डन?" तिसऱ्यांदाही तेच. त्यानंतर कित्येक दिवस मी मीटिंगमध्ये गप्प बसायचे आणि जे सांगायचं ते ईमेलमध्ये लिहून पाठवायचे.

अशाच एका रविवारी मी स्वयंपाकघरात पोहे करत होते. घरात राहणाऱ्या दुसऱ्या मुलीने रेडिओ लावला होता. सकाळचे अकरा वाजले आणि एक म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. संथ, मऊ, मिश्कील. घाई अजिबात नाही. ओट्याशी खुर्ची ओढून बसावं आणि गप्पा माराव्यात, तसा तो बोलत होता. आणि त्याचं इंग्रजी माझ्या ऑफिसातल्या लोकांसारखं नव्हतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"टेरी वोगन. इथे सगळ्यांना माहीत आहेत. आयरिश आहेत ते."

आज या टेरी वोगनची गोष्ट सांगते.

लिमरिकचा मुलगा

आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदीच्या काठी लिमरिक नावाचं शहर आहे. पाच ओळींच्या विनोदी इंग्रजी कवितेला 'लिमरिक' म्हणतात, ते तुम्ही शाळेत शिकला असाल. तेच नाव. या शहरात ३ ऑगस्ट १९३८ रोजी टेरीचा जन्म झाला. वडील एका किराणा दुकानाचे व्यवस्थापक होते. घरी आई, वडील, टेरी आणि धाकटा भाऊ.

तेव्हा घरात टीव्ही नव्हता. होता तो रेडिओ. टेरीला रेडिओचं वेड होतं. पण गंमत अशी, की त्याला आयर्लंडच्या रेडिओपेक्षा समुद्रापलीकडून ऐकू येणारा इंग्लंडचा बीबीसी रेडिओ जास्त आवडायचा. तिथले विनोदी कार्यक्रम तो कान लावून ऐकायचा. लिमरिकमध्ये बसलेला हा मुलगा कानांनी रोज लंडनला जाऊन यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

टेरी पंधरा वर्षांचा असताना वडिलांना बढती मिळाली आणि सगळं घर राजधानीच्या शहरात, डब्लिनला आलं. शाळा संपल्यावर टेरी बँकेत नोकरीला लागला. बँकेतली नोकरी म्हणजे पक्की नोकरी. आपल्याकडेही आजी-आजोबांच्या काळात असंच म्हणत, "बँकेत चिकटला, आता काळजी नाही."

पण एक दिवस त्याने वर्तमानपत्रात जाहिरात वाचली. आयर्लंडच्या सरकारी रेडिओला बातम्या वाचणारे आणि निवेदक हवे होते. टेरीने अर्ज केला, त्याची निवड झाली आणि १९६१च्या सुमारास पक्की नोकरी सोडून तो रेडिओत गेला. पुढे आयर्लंडमध्ये टीव्ही सुरू झाला आणि तिथेही तो दिसू लागला. 'जॅकपॉट' नावाच्या प्रश्नमंजुषेचा तो सूत्रधार झाला. डब्लिनच्या रस्त्यावर लोक त्याला ओळखू लागले.

दर आठवड्याला समुद्र ओलांडून

आता त्या लहानपणच्या वेडाकडे परत येऊ. टेरी वोगन यांनी आपल्या आवाजाची टेप लंडनला बीबीसीकडे पाठवली. तेव्हा ईमेल नव्हती. फाईल जोडून 'सेंड' दाबलं असं नव्हतं. आवाज टेपच्या रिळावर भरायचा, ते रीळ पाकिटात घालायचं आणि पोस्टात टाकायचं. मग वाट बघायची.

बीबीसीने होकार दिला. २७ सप्टेंबर १९६६ रोजी वोगन यांचा आवाज बीबीसीवरून पहिल्यांदा ऐकू आला. ही तारीखही लक्षात ठेवा. पण तेव्हा ते लंडनमध्ये नव्हतेच. ते डब्लिनच्या स्टुडिओत बसून बोलत होते आणि तारेवरून आवाज इंग्लंडला जात होता. आजच्या भाषेत सांगायचं तर ते घरून काम करत होते!

पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, बीबीसीने 'रेडिओ १' हे नवं केंद्र सुरू केलं. त्यावर रात्री उशिरा एक कार्यक्रम असायचा. त्यातला एक दिवस वोगन यांना मिळाला. त्यासाठी ते दर आठवड्याला डब्लिनहून लंडनला यायचे, कार्यक्रम करायचे आणि परत जायचे. असं दोन वर्षं चाललं. १९६९ मध्ये त्यांना रोजचा दुपारचा कार्यक्रम मिळाला आणि ते बायको-मुलासह इंग्लंडला राहायला आले.

तुमच्या आई-बाबांना विचारा. नोकरीसाठी आधी एकटं येणं, मग जाऊन येऊन करणं, मग सगळं बिऱ्हाड हलवणं. ही गोष्ट त्यांना नवी वाटणार नाही.

'र' अक्षराची गोष्ट

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ.

सुरुवातीची अनेक वर्षं बीबीसीचे निवेदक एका ठरावीक पद्धतीनेच इंग्रजी बोलायचे. दक्षिण इंग्लंडमधल्या, महागड्या शाळांत शिकलेल्या लोकांचं ते इंग्रजी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्फ्रेड पिकल्स नावाचे निवेदक उत्तर इंग्लंडच्या हेलात बातम्या वाचू लागले, तेव्हा किती तरी लोकांनी तक्रारी केल्या. ते काही परदेशी नव्हते. त्याच देशातले होते. तरी तक्रारी!

दक्षिण इंग्लंडमध्ये शब्दाच्या शेवटी येणारा 'र' सहसा उच्चारत नाहीत. 'कार' म्हणताना ते 'काऽ' म्हणतात. 'वॉटर' म्हणताना 'वॉटऽ'. आयर्लंडमध्ये मात्र हा 'र' नीट ऐकू येतो. आणि आपल्याकडे? आपली आजी 'वॉटर' म्हणते तेव्हा तो 'र' दारावर टकटक केल्यासारखा वाजतो.

म्हणजे आयरिश माणसाचा 'र' आणि मराठी माणसाचा 'र' हे हुबेहूब सारखे नसले, तरी दोघंही तो गिळत नाहीत. त्या रविवारी स्वयंपाकघरात मला वोगन यांचं बोलणं जवळचं का वाटलं, ते मला खूप नंतर कळलं. त्यांचा 'र' जागच्या जागी होता.

सकाळचा सोबती

एप्रिल १९७२ मध्ये वोगन यांना बीबीसी 'रेडिओ २'चा सकाळचा कार्यक्रम मिळाला. रेडिओवर सकाळची वेळ सगळ्यात महत्त्वाची. लोक उठतात, चहा टाकतात, मुलांचे डबे भरतात, गाडी काढतात. एकीकडे रेडिओ चालू असतो.

इतर निवेदक काय करायचे? गाण्याचं नाव सांगायचे, गायकाचं नाव सांगायचे आणि गाणं लावायचे. वोगन बोलायचे. समोर लिहून आणलेला कागद नसायचा. सुचेल ते बोलायचे. 'डॅलस' नावाची एक अमेरिकन मालिका तेव्हा टीव्हीवर लागायची. श्रीमंत लोकांची, रडारडीची, भांडणांची. आदल्या रात्री त्या मालिकेत काय झालं, यावर वोगन दुसऱ्या दिवशी सकाळी अशी काही टिंगल करायचे, की ती ऐकायला मिळावी म्हणून लोक मालिका बघायचे.

एकदा एका बँड पथकाची धून खूप गाजत होती. 'फ्लोरल डान्स' तिचं नाव. रेडिओवर ती लागली, की वोगन मायक्रोफोनसमोर स्वतःच त्यावर गायचे. लोकांना ते इतकं आवडलं, की शेवटी त्यांच्या आवाजात रेकॉर्ड निघाली. १९७८ साली ती ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २१व्या क्रमांकापर्यंत पोचली. ते मोठे गायक होते का? मुळीच नाही. ते स्वतःच आपल्या गाण्यावर हसायचे.

१९८४च्या शेवटी त्यांनी हा कार्यक्रम सोडला आणि टीव्हीवर गेले. तिथे 'वोगन' नावाच्या कार्यक्रमात ते आठवड्यातून तीन संध्याकाळी पाहुण्यांशी गप्पा मारायचे. १९९२ मध्ये बीबीसीने तो बंद करून त्या जागी नवी मालिका आणली. ती मालिका फार चालली नाही. पण वोगन यांना मोठा धक्का बसला असेलच. इतकी वर्षं घराघरात दिसणाऱ्या माणसाला 'आता पुरे' असं सांगितलं गेलं होतं.

मग ते कुठे गेले? जिथून आले होते, तिथे. जानेवारी १९९३ मध्ये ते रेडिओ २वर परत आले. पुन्हा सकाळी. पुढे कार्यक्रमाचं नाव पडलं 'वेक अप टू वोगन', म्हणजे 'वोगनबरोबर जागे व्हा'. तो २००९ पर्यंत चालला. तेव्हा त्याचे श्रोते होते सुमारे ८० लाख.

"एकच"

ऐंशी लाख श्रोते! पण तुमचे श्रोते किती, असं वोगन यांना विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, "एकच."

हे उत्तर खूप प्रसिद्ध आहे. ते ऐकून लोक हसतात. पण तो नुसता विनोद नाही. रेडिओवर बोलायचं कसं, याचं सगळं शिक्षण त्या एका शब्दात आहे. कसं ते बघा.

सभेत बोलताना आपण "बंधू आणि भगिनींनो" असं म्हणतो. समोर हजार माणसं बसलेली असतात. ती एकमेकांना बघतात, एकत्र हसतात, एकत्र टाळ्या वाजवतात. रेडिओचं तसं नाही. श्रोते ऐंशी लाख असले, तरी ते ऐंशी लाख वेगवेगळ्या जागी असतात. कोणी एकटी बाई इस्त्री करत असते. कोणी ट्रक चालवत असतो. कोणी आजारी आजोबा पलंगावर पडून असतात. त्यांच्यापैकी कोणालाही आपण गर्दीत आहोत असं वाटत नसतं. म्हणून निवेदक मोठ्याने, भाषण केल्यासारखं बोलला, तर ऐकणाऱ्याला ते परकं वाटतं. तोच एका माणसाशी बोलावं तसं बोलला, तर प्रत्येकाला वाटतं, हा माझ्याशीच बोलतोय.

वोगन यांनी आणखी एक केलं. ते श्रोत्यांचंही ऐकायचे. लोक त्यांना पत्रं लिहायचे, पुढे फॅक्स, मग ईमेल पाठवायचे. गमतीदार टोपणनावांनी लिहायचे. वोगन ती पत्रं रेडिओवर वाचायचे आणि त्यातूनच कार्यक्रम तयार व्हायचा. या श्रोत्यांनी आपल्या गटाला 'टॉग' असं नाव घेतलं होतं. त्याचा अर्थ साधारण 'टेरीची म्हातारे-म्हातारी मंडळी'. त्यात तरुणही होते, पण म्हातारं म्हणवून घ्यायला कोणाचीच हरकत नव्हती.

तुमच्यासाठी एक खास माहिती. इंग्लंडमध्ये लहान मुलांना वाचायला शिकवण्यासाठी 'जॅनेट आणि जॉन' नावाची पुस्तकं होती. छोटी वाक्यं, सोपे शब्द. अगदी आपल्या वाचनपुस्तकासारखी. त्यांची नक्कल करून श्रोत्यांकडून विनोदी गोष्टी लिहून यायच्या आणि वोगन त्या वाचता वाचता स्वतःच हसून कोलमडायचे. या गोष्टींच्या सीडी निघाल्या आणि त्यांचे पैसे गरजू मुलांच्या मदतीसाठी दिले गेले.

गरजू मुलांवरून आठवलं. ब्रिटनमधल्या मुलांना डोळ्यावर पट्टी बांधलेलं पिवळं अस्वल माहीत असेल. त्याचं नाव पड्सी. 'चिल्ड्रन इन नीड' या मदतकार्याची ती खूण. दर नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी टीव्हीवर मोठा कार्यक्रम होतो आणि मुलांसाठी पैसे गोळा होतात. १९८० मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून वोगन त्याचे सूत्रधार होते. २०१५ मध्ये तब्येतीमुळे त्यांना पहिल्यांदाच येता आलं नाही.

अवघड सकाळ

आता या पाठातला अवघड भाग.

आयर्लंड हे एक बेट आहे, पण त्याचे दोन भाग आहेत. दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र देश आहे. उत्तरेकडचा छोटा भाग ब्रिटनबरोबर आहे. या उत्तर भागात १९६०च्या दशकाच्या शेवटी हिंसक संघर्ष सुरू झाला. तो जवळजवळ तीस वर्षं चालला आणि त्यात सुमारे साडेतीन हजार माणसं मारली गेली. काही वेळा इंग्लंडच्या शहरांतही बॉम्बस्फोट झाले.

२१ नोव्हेंबर १९७४च्या रात्री बर्मिंगहॅम शहरात दोन पबमध्ये बॉम्ब फुटले. २१ माणसं गेली. लोक हादरले, संतापले. तो राग इंग्लंडमध्ये राहणाऱ्या साध्यासुध्या आयरिश माणसांवर निघू लागला. बसमध्ये, दुकानात, कारखान्यात आयरिश हेल ऐकू आला, की लोक वळून बघायचे. कित्येक जण बाहेर बोलायचंच टाळायचे. पोलिसांनी सहा आयरिश माणसांना पकडलं, त्यांना जन्मठेप झाली. ती निर्दोष होती. पण हे सिद्ध होऊन सुटका व्हायला १९९१ साल उजाडलं. सोळा वर्षं!

आणि त्या सगळ्या काळात, १९८४ पर्यंत रोज सकाळी, इंग्लंडच्या लाखो स्वयंपाकघरांत एक आयरिश आवाज बोलत होता.

वोगन यांनी राजकारणावर भाषणं दिली नाहीत. "आम्ही सगळे तसे नाही हो," असं गयावया करून सांगितलं नाही. आणि आपला हेलही बदलला नाही. ते रोजच्यासारखे आले, बोलले, हसले, हसवलं. ज्या माणसाने अजून एकाही आयरिश माणसाला घरी बोलावलं नव्हतं, त्याच्याही घरात रोज सकाळी एक आयरिश माणूस चहाच्या वेळी हजर असायचा. रोज भेटणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही. वोगन गेले, तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी यांनी त्यांना दोन देशांमधला पूल म्हटलं.

याच गोष्टीचा पुढचा भाग ऐका. युरोपात दर वर्षी 'युरोव्हिजन' नावाची गाण्यांची मोठी स्पर्धा होते. वोगन अनेक वर्षं बीबीसीवर तिचं खोचक, विनोदी वर्णन करायचे. १९९८ मध्ये ही स्पर्धा ब्रिटनमध्ये झाली. मे महिना. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष थांबवणारा करार होऊन जेमतेम एक महिना झाला होता. स्पर्धेचं शहर होतं बर्मिंगहॅम. आणि ब्रिटनच्या वतीने सगळ्या युरोपचं स्वागत करायला रंगमंचावर कोण उभे होते? स्वीडनमध्ये जन्मलेल्या उल्रिका जॉन्सन आणि लिमरिकमध्ये जन्मलेले टेरी वोगन.

घरातले टेरी

रेडिओवर वोगन आपल्या बायकोचा उल्लेख 'सध्याच्या मिसेस वोगन' असा करायचे. नव्या श्रोत्याला वाटायचं, यांची बरीच लग्नं झालेली दिसतात! खरं तर त्यांचं लग्न एकदाच झालं. २४ एप्रिल १९६५ रोजी, डब्लिनमध्ये, हेलन जॉइस यांच्याशी. आणि ते पन्नास वर्षांहून अधिक टिकलं.

त्यांचं पहिलं बाळ म्हणजे व्हनेसा नावाची मुलगी. तिच्या हृदयात दोष होता. ती जेमतेम तीन आठवडे जगली. पुढे ॲलन, मार्क आणि कॅथरीन ही तीन मुलं झाली. रोज सकाळी दुसऱ्यांना हसवणाऱ्या माणसाच्या मनात एक जागा कायम रिकामी होती. कोणाच्या घरात काय दुःख आहे ते रेडिओवरून दिसत नाही. ना श्रोत्याला निवेदकाचं, ना निवेदकाला श्रोत्याचं. कदाचित म्हणूनच ते हळुवार बोलत असतील.

इकडचे की तिकडचे?

आयर्लंडमध्ये एक टोमणा आहे : 'वेस्ट ब्रिट'. म्हणजे नावाला आयरिश, पण वागायला-बोलायला इंग्रज. एका मुलाखतीत वोगन यांनी स्वतःच सांगितलं, की मी पहिल्यापासूनच तसा होतो, लहानपणी मी आयर्लंडचा नाही, बीबीसीचाच रेडिओ ऐकायचो. समोरच्याने टोमणा मारण्याआधी त्यांनी तो स्वतःच हसत हसत उचलून घेतला.

म्हणजे बघा. इंग्लंडमध्ये ते 'तो आयरिश माणूस'. आयर्लंडमध्ये काही जणांसाठी 'तो इंग्रजाळलेला'. ओळखीचं वाटतंय का? शाळेत तुम्ही 'इंडियन' आणि भारतात गेलात की 'फॉरेनवाले'.

२००५ मध्ये त्यांना ब्रिटनचा मोठा सन्मान मिळाला. परदेशी नागरिकाला हा सन्मान मिळाला तर नावापुढे 'सर' लावता येत नाही. वोगन यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि आयरिश नागरिकत्वही ठेवलं. ते 'सर टेरी' झाले. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, लिमरिक शहराने त्यांना आपला सगळ्यात मोठा मान दिला. कुठलाही एक देश सोडायला कोणी त्यांना लावलं नाही, आणि त्यांनीही तो सोडला नाही.

शेवटचा दिवस

१८ डिसेंबर २००९ रोजी वोगन यांनी सकाळचा कार्यक्रम शेवटचा केला. निरोप घेताना त्यांनी श्रोत्यांचे आभार मानले. कशाबद्दल? तर, माझे मित्र झालात, त्याबद्दल. त्यानंतर ते फक्त रविवारी येऊ लागले. तोच कार्यक्रम मी पोहे करताना ऐकला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये तोही थांबला. ३१ जानेवारी २०१६ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. ते ७७ वर्षांचे होते.

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी स्मरणसभा झाली. दिवस निवडला होता २७ सप्टेंबर २०१६. आठवतंय? डब्लिनच्या स्टुडिओतून बीबीसीवर ते पहिल्यांदा बोलले, त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली. त्याच वर्षी रेडिओ २च्या इमारतीला 'वोगन हाउस' असं नाव दिलं गेलं.

वोगन टॅप्लो नावाच्या गावी राहायचे. मी आता स्लाउमध्ये राहते. मेडनहेडच्या ऑफिसला जाताना ट्रेन टॅप्लोला थांबते. लहानसं स्टेशन आहे. दारं उघडतात, बंद होतात. बऱ्याचदा मी तेव्हा फोनवर मीटिंगमध्ये असते. आता मी गप्प बसत नाही. फोनवर वीस माणसं असली, तरी त्यातलं एक माणूस मनाशी धरते आणि त्याच्याशी बोलते. सावकाश. माझा 'र' जिथल्या तिथे ठेवून. अजूनही कोणी कधी "पार्डन?" म्हणतं. मग मी पुन्हा सांगते. त्यात काय एवढं?

आता तुमची पाळी

१. टेरी वोगन यांना किती श्रोते होते? दोन उत्तरं आहेत. दोन्ही लिहा आणि दोन्ही बरोबर कशी, ते सांगा.

२. 'कार', 'वॉटर', 'मदर' हे शब्द घरातल्या तीन माणसांना म्हणायला सांगा. कोणाचा 'र' ऐकू येतो? कोणाचा नाही? तुमचा?

३. १९७४ नंतरच्या दिवसांत वोगन यांनी रेडिओवर येणं बंद केलं असतं, तर काय झालं असतं? पाच-सहा वाक्यं लिहा.

४. फोनवर एक मिनिटाचा निरोप मराठीत रेकॉर्ड करा. आज दिवसभरात काय केलं, एवढंच सांगा. लिहून वाचू नका. बोलण्याआधी एका माणसाचं नाव ठरवा : आजी, मावशी, मामेभाऊ, कोणीही. आणि फक्त त्याच माणसाशी बोला. अडखळलात तर अडखळलात. पुसून पुन्हा करू नका. तसाच पाठवून द्या.